विश्लेषण : पाठ टेकली तरी डाव संपत नाही! जिउ-जित्सूमधला ‘अंडरहूक’ नेमकं काय करतो?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून बसवायचं असेल, तर त्याचे हात धरून ओढून उपयोग होत नाही. हात तेवढे वर येतात, माणूस जागच्या जागी राहतो. घरात मोठं आजारपण काढलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. तो खाली वाकतो, रुग्णाच्या काखेतून हात घालतो, पंजा पाठीवर टेकवतो आणि मग उचलतो. सगळं धड एकदम हलतं. फिजिओथेरपिस्ट ही पद्धत टाळायला सांगतात, कारण त्यात सारा भार खांद्याच्या सांध्यावर येतो.

पण समोरच्याचं धड त्याच्या मनाविरुद्ध हलवायचं असेल, तर नेमकं हेच हवं असतं. ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये काखेतून घातलेल्या या हाताला ‘अंडरहूक’ म्हणतात.

अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या दोन्ही पट्ट्यांत ‘बीजेजे’, ‘ग्रॅपलिंग’, ‘एमएमए’ अशा पाट्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मार्च २०१२ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात ‘सुपर फाइट लीग’चा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा बहुतेक मुंबईकरांसाठी हा टीव्हीवरच्या मारामारीचा प्रकार होता. आता ऑफिस सुटल्यावर बॅगेत पांढरा गी कोंबून वर्गाला जाणारी मंडळी आहेत. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरहून अंधेरी वीसेक मिनिटांवर आलं. मुलुंडकर लोकलने घाटकोपरला उतरतो आणि तीच मेट्रो धरतो.

यातले बरेच जण मोबाइलवर गळा आवळण्याचे, हात पिळण्याचे डाव पाहून आलेले असतात. वर्गात मात्र पहिले काही आठवडे प्रशिक्षक ओरडत असतो तो एकाच गोष्टीसाठी : काखेत हात घाल, काखेतला हात सोडू नकोस. नव्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं. एवढ्याशा पकडीत असं काय आहे?

आधी पकड समजून घेऊ

दोन माणसं गळाभेट घेतात तेव्हा साधारणपणे प्रत्येकाचा एक हात समोरच्याच्या खांद्यावरून जातो आणि दुसरा काखेखालून. वरून गेलेला हात म्हणजे ओव्हरहूक, खालून गेलेला म्हणजे अंडरहूक. म्हणजे ओळखीच्या माणसाला मिठी मारतानाही आपण नकळत एक अंडरहूक घेतो आणि एक देतो. या बरोबरीच्या स्थितीला खेळाडू ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणतात.

आता ही बरोबरी मोडून पाहा. आपले दोन्ही हात समोरच्याच्या काखांखालून जाऊ द्या आणि त्याचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर राहू द्या. दिसायला अजूनही मिठीच आहे. पण आता त्याला उचलता येतं, डावी-उजवीकडे झुकवता येतं, मागे रेटता येतं. त्याला मात्र आपल्या मानेभोवती लोंबकळण्यापलीकडे फारसं काही जमत नाही. ‘डबल अंडरहूक’ म्हणतात तो हा.

नुसता हात काखेत गेला म्हणजे अंडरहूक झाला, असं मात्र नाही. पंजा समोरच्याच्या खांद्याच्या पात्यापर्यंत पोहोचायला हवा, बोटं आणि अंगठा जुळलेले हवेत, दंडाची आतली बाजू त्याच्या बरगडीला घट्ट लागलेली हवी. हात काखेत सैल लोंबत असेल तर ती पकड नव्हे, समोरच्याला दिलेलं आमंत्रण आहे. ते कसं, हे पुढे येईल.

ताकद कुठून येते?

पाण्याने भरलेली बादली हात लांब करून धरा. दहा-पंधरा सेकंदांत खांदा भरून येतो. तीच बादली कोपर बरगडीला लावून धरा, बराच वेळ धरता येते. बादली तीच, हात तोच, फरक कोपराच्या जागेचा. कोपर अंगाजवळ असलं की हाताला पाठीची आणि छातीची साथ मिळते. कोपर दूर गेलं की बिचारा खांदा एकटा लढतो.

अंडरहूक पहिली गोष्ट करतो ती हीच. समोरच्याचं कोपर तो त्याच्या बरगडीपासून उचलून बाजूला काढतो. त्या हाताची ताकद तिथेच अर्धी होते.

दुसरी गोष्ट दाराला हँडल कुठे बसवतात ते पाहिलं की कळते. बिजागरीपासून जितकं लांब, तितकं दार हलकं. वाकलेल्या किंवा वर ओणवलेल्या माणसाचं धड कमरेतून फिरतं. कंबर ही त्याची बिजागरी. काख कमरेपासून दूर, धडाच्या वरच्या टोकाला आहे. तिथे दिलेला थोडा जोरही पुरेसा होतो. हाच जोर पोटापाशी लावून पाहा, दुप्पट मेहनत घेऊन निम्मंही काम होत नाही. शाळेच्या विज्ञानात तरफेचं चित्र असतं, त्यापलीकडचं यात काही नाही.

तिसरी गोष्ट दिशेची. काखेत हात असलेला माणूस समोरच्याच्या पाठीकडे जाण्याच्या वाटेवर उभा असतो. हात थोडा उंच केला, डोकं त्याच काखेखालून काढलं, की तो मागच्या बाजूला. जिउ-जित्सूत प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे जाण्याइतकी चांगली जागा नाही. त्याला आपण दिसत नाही, त्याचे हात आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि त्याची मान आपल्या पुढ्यात असते.

खरी कसोटी खाली झोपल्यावर

समजा, ५५ किलो वजनाची मुलगी ८० किलोंच्या मुलासोबत सराव करते आहे. उपनगरांतल्या वर्गांत हे नेहमीचं आहे, कारण प्रत्येकाला आपल्या वजनाचा जोडीदार मिळेलच असं नसतं. पंचवीस किलोंचा फरक म्हणजे तांदळाची एक अख्खी गोणी. ती पाठीवर पडली आहे, तो वर आहे, आणि तिने आपल्या दोन पायांत त्याचा एक पाय अडकवून ठेवला आहे. ही स्थिती म्हणजे ‘हाफ गार्ड’. नावाप्रमाणे अर्धा बचाव : दोन्ही पाय वापरून त्याला दूर ठेवता आलं नाही, पण तो पूर्ण सुटून बाजूलाही गेलेला नाही.

इथून दोन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि दोन्हींत फरक एका हाताचा आहे.

पहिली शक्यता. वरच्याने एका हाताने तिच्या मानेखालून वेढा घातला, खांद्याने तिचा जबडा एका बाजूला दाबला आणि अडकलेल्या पायाच्या बाजूचा आपला हात तिच्या काखेतून घातला. डोकं वळवून दाबण्याला ‘क्रॉसफेस’ म्हणतात. क्रॉसफेस आणि अंडरहूक दोन्ही वरच्याकडे गेले की तिचे दोन्ही खांदे गादीला चिकटतात. डोकं एका दिशेला वळलेलं, धड दुसऱ्या दिशेला वळू शकत नाही. सगळं वजन छातीवर. श्वास घेता येतो, पण वरवरचा. नव्यांपैकी अनेक जण इथे कुठलाही डाव लागलेला नसताना केवळ घुसमटून हार मानतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. छातीवर ऐंशी किलो घेऊन शांत राहणं ही शिकण्याची गोष्ट आहे.

दुसरी शक्यता. त्याची छाती तिच्या छातीला चिकटण्याआधीच ती कुशीवर वळली. गुडघा आणि हात मध्ये घालून तिने वीतभर जागा राखली. मग कोपर अंगाला घासत, मनगट आपल्याच छातीजवळून नेत, तिने त्याच्या अडकलेल्या पायाच्या बाजूच्या काखेत हात सरकवला. डोकं त्याच्या छातीखाली दडवलं. आता तिचा एक खांदा गादीपासून वर आहे. तो वजन टाकतो तेव्हा ते सरळ छातीवर येत नाही, बरेचसे किलो बाजूने गादीत जातात. ती थोडी खाली सरकते, कोपरावर उठते, कोपरावरून पंजावर, पंजावरून गुडघ्यावर. दहा सेकंदांपूर्वी जी खाली होती ती त्याच्या बाजूला गुडघ्यांवर आहे आणि तिचा हात अजूनही त्याच्या काखेत आहे.

इथे कुठेही तिने ऐंशी किलो ‘उचलले’ नाहीत. उचलताही आले नसते. ती त्याच्या वजनाखालून बाजूला निघाली आणि निघताना काखेतल्या हाताने त्याला आपल्यामागे वळू दिलं नाही. अंडरहूकमुळे छोटा माणूस मोठ्याला फेकतो, असं जाहिरातीत सांगतात. त्यापेक्षा हे साधं आणि जास्त खरं आहे : त्याच्यामुळे छोट्या माणसाला मोठ्याखालून निघता येतं.

गंमत म्हणजे हाफ गार्डला पूर्वी फारशी किंमत नव्हती. पाय सोडवून घेण्याआधीचा शेवटचा टप्पा, एवढीच त्याची ओळख होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रिओ दि जानिरोच्या रॉबर्टो ‘गोर्डो’ कोरेया यांच्या गुडघ्याला दुखापत झाली. पाय मोकळे वापरून खेळणं अवघड झाल्यावर ते हाफ गार्डमध्ये राहूनच खेळू लागले आणि तिथून उलटवण्याचे, वर येण्याचे रस्ते त्यांनी शोधले. बचावाची जागा हल्ल्याची झाली ती अशी. त्या रस्त्यांपैकी बऱ्याच वाटा काखेतूनच जातात.

पैलवानाला हे शिकवायची गरज आहे का?

आहे आणि नाही.

कुस्तीत खडाखडी सुरू होते तेव्हा दोन पैलवान कपाळाला कपाळ लावून, मानेवर पंजा टाकून हातांचीच झटापट करत असतात. कोणाचा हात आत, कोणाचा बाहेर, यावर पुढचा डाव ठरतो. समोरच्याच्या बगलेखालून डोकं काढून मागे जाणं म्हणजे बगलडूब, आणि मागे गेल्यावर मिळतो तो कब्जा. जिउ-जित्सूवाले ज्याला ‘कंट्रोल’ म्हणतात त्यासाठी आपल्या समालोचकांकडे हा शब्द कधीपासून आहे. काखेतला हात महाराष्ट्राला कुणी ब्राझीलहून आणून दिलेला नाही.

मुंबईच्या उपनगरांतही कुस्ती आहेच. कांदिवलीत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, म्हणजे ‘साई’चं केंद्र आहे. जोगेश्वरीत वाढलेला नरसिंग यादव तिथेच घडला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ७४ किलो गटाचं सुवर्ण, २०११ ते २०१३ असा सलग तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’, २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. अंधेरी ते बोरिवली या टापूत ग्रॅपलिंग शिकवणाऱ्याला कुस्तीची ओळख करून द्यावी लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की संपलं, चीतपट. त्यामुळे पाठ टेकू लागताच पोटावर उलटणं हे पैलवानाच्या हाडात भिनलेलं असतं. वस्तादाने वर्षानुवर्षं तेच करून घेतलेलं असतं. जिउ-जित्सूत पाठ टेकण्याला काहीच शिक्षा नाही. उलट पोटावर वळणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाठ आणि मान बहाल करणं. लाल मातीत वाचवणारी सवय इथे हरवते.

अंडरहूक पैलवानाच्या उपयोगी पडतो तो इथे. तो त्याला वळण्यासाठी दुसरी दिशा देतो. प्रतिस्पर्ध्यापासून दूर वळायचं नाही, त्याच्याकडे वळायचं, काखेत हात घालून. पाठ जमिनीवरून सुटते आणि मानही वाचते. उभ्याने हात आत घालायचं कसब त्याच्याकडे असतंच. तेच आडवं पडून करायचं. कुस्तीतून आलेली मुलं हे एकदा उमगल्यावर झपाट्याने पुढे जातात.

मानेचं काम मात्र नव्याने शिकावं लागतं. कुस्तीतून आलेला भारत खंडारे हा यूएफसीमध्ये उतरलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये त्याची पहिली लढत चीनच्या साँग यादाँगशी झाली आणि पहिल्याच फेरीत ‘गिलोटिन’ चोकने संपली. समोरून मान काखेत घेऊन आवळायचा हा डाव. गळा आवळणं कुस्तीच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे पट काढायला वाकलेल्या पैलवानाच्या शरीराला त्याची भीती शिकवलेलीच नसते. काखेत हात गेला तरी डोकं प्रतिस्पर्ध्याच्या छातीला चिकटून, वर हवं. हात आत आणि मान बाहेर हा सौदा महागात पडतो.

नियम बदलले की चांगला पैलवानही नवशिका ठरतो, हे आपल्याकडे नवं नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव सहावे आले. मातीत वाढलेल्या पैलवानाला गादीवरच्या कुस्तीची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. मधल्या काळात त्यांची ताकद नव्हे, सवय बदलली होती.

मग ब्राझीलचं यात काय?

थोडक्यात : जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ज्युडो सुरू केलं. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले, पुढे बेलेम शहरात स्थिरावले. त्यांच्याकडे शिकलेल्या कार्लोस ग्रेसीने आणि त्याच्या भावांनी, विशेषतः अंगाने किरकोळ असलेल्या एलिओने, जमिनीवरच्या भागावर भर दिला. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तेव्हा एलिओचा मुलगा रॉयस याने एका रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना हरवलं आणि जगाला हा प्रकार कळला. आशियाई क्रीडा स्पर्धांत जु-जित्सू २०१८ च्या जकार्ता स्पर्धेपासून आहे. त्याचे नियम ब्राझिलियन प्रकाराच्या जवळचे असले तरी संघटना आणि नाव वेगळं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

अंडरहूक मिळाला म्हणजे जिंकलो?

अजिबात नाही. नवशिक्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते.

काखेत हात गेलेल्या माणसाला समोरचा वरून हात टाकून उत्तर देतो. खांद्यावरून घेतलेला हा ओव्हरहूक जोर लावून खाली दाबला की त्याला ‘व्हिझर’ म्हणतात. त्यात हाताची ताकद नसते, कमरेची असते : दाबणारा आपली कंबर अंडरहूकवाल्याच्या खांद्याकडे आणून सगळं वजन तिथे सोडतो. खांदा खाली, चेहरा गादीकडे. वर येणारा परत खाली जातो. म्हणून गुडघ्यांवर आल्यावर थांबून चालत नाही. लगेच पुढे रेटायचं, दुसऱ्या हाताने त्याचा लांबचा गुडघा अडवायचा, नाहीतर काखेतून मागे निघून जायचं. या झटापटीला इंग्रजीत ‘डॉगफाइट’ म्हणतात आणि ते नाव समर्पक आहे.

सैल हाताचं आमंत्रण म्हटलं होतं ते असं. काखेत हात घातला पण डोकं दूर राहिलं, मान आणि खांदा यांत जागा सुटली, तर वरचा आपला हात त्या फटीतून घालून ‘डार्स’ चोक लावतो. आपल्याच खांद्याने आपला गळा आवळला जातो. दुसरा धोका मनगटाचा. पंजा पाठीला न चिकटता बाहेर आला, तर वरचा मनगट पकडून हात पाठीमागे पिळतो. हा डाव ‘किमुरा’. ऑक्टोबर १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानच्या मासाहिको किमुरा यांनी एलिओ ग्रेसीचा हात याच डावाने मोडला होता. एलिओने हार मानली नाही, कोपऱ्यातून भावाने टॉवेल फेकला. हरवणाऱ्याचं नाव डावाला देण्याचं औदार्य ब्राझिलियनांनी दाखवलं.

आणखी एक गैरसमज ताकदीचा. अंडरहूक मिळवण्यासाठी जोरात हात खुपसणारे बहुतेक वेळा उशिरा पोहोचलेले असतात. समोरच्याची छाती चिकटल्यावर हात आत जायला जागाच नसते. जो आधी कुशीवर वळतो त्याला जोर लावावा लागत नाही. लोकलच्या गर्दीत दारातून आत शिरणारा माणूस छाती पुढे काढून शिरत नाही, एक खांदा आधी घालतो. तसंच हे.

मुंबईचा घाम आणि गी

गी घालून खेळताना कॉलर, बाही, पट्टा अशा अनेक गोष्टी पकडायला मिळतात. बाही धरून ठेवली तर समोरच्याचा हात काखेपर्यंत येतच नाही, त्यामुळे अंडरहूकची लढाई दूरवरच सुरू होते. ‘नो-गी’मध्ये, म्हणजे टी-शर्ट आणि शॉर्ट्सवर, पकडायला कापड नसतं. राहतात ती मान, मनगटं आणि काखा.

त्यात मुंबईची हवा. मे महिन्यात पंधरा मिनिटांत मनगट साबणासारखं निसटू लागतं. बोटांची पकड घामापुढे टिकत नाही, पण खांद्याच्या हाडामागे वळवलेला अख्खा हात सहजासहजी सुटत नाही. नो-गीमध्ये अंडरहूकचं महत्त्व वाढतं ते यामुळे. (जुलैमध्ये जाड सुती गी दोन दिवस वाळत नाही, हेही उपनगरांत नो-गी आवडण्याचं एक कारण असावं.)

नो-गीतला मोठा आदर्श म्हणजे ब्राझीलचा मार्सेलो गार्सिया. अबुधाबीत सुरू झालेल्या एडीसीसी स्पर्धेत त्याने २००३, २००५, २००७ आणि २०११ अशी चार वेळा ७७ किलो गटाचं विजेतेपद मिळवलं, आणि वजनाची अट नसलेल्या खुल्या गटातही तो कितीतरी जड खेळाडूंशी खेळला. बसून, दोन्ही पायांचे पंजे समोरच्याच्या मांड्यांखाली लावून आणि काखेत हात घालून तो त्यांना तोलून धरायचा. ‘बटरफ्लाय गार्ड’ म्हणतात तो हा प्रकार. पायांनी खालून उचलायचं आणि काखेतल्या हाताने दिशा द्यायची.

गुणफलकावर मात्र शून्य

आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत खाली पाडण्याला २ गुण, खालून उलटवून वर येण्याला २, पोटावर गुडघा टेकवण्याला २, पाय ओलांडून बाजूला जाण्याला ३, छातीवर बसण्याला किंवा पाठीवर ताबा मिळवण्याला ४ गुण मिळतात. स्थिती तीन सेकंद टिकवावी लागते. अंडरहूकला गुण नाही. त्यामुळे घरचे लोक सामना बघायला आले की त्यांना दोन माणसं पाच मिनिटं नुसती मिठी मारून पडलेली दिसतात. त्या मिठीत कुणाचा हात खाली आहे, हे ज्याला दिसतं त्याला पुढचे गुण कुणाचे, याचा अंदाज बराच आधी येतो.

शिकायला जाणाऱ्यांनी काय पाहावं?

खांदा. हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा, म्हणून सगळ्यात कच्चाही. काखेतून दिलेला जोर आणि वरून दाबलेला व्हिझर एकाच वेळी त्याच्यावर येतात. खांदा पूर्वी निखळलेला असेल तर पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला सांगायला हवं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा सराव करू नये.

हार मानण्याची रीत आधी शिकायची. जोडीदाराला किंवा गादीला पंजाने दोन-तीनदा थोपटलं की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. हात अडकले असतील तर तोंडाने सांगायचं. पहिल्या वर्गात हे न सांगता थेट झुंज लावून देणारी जागा टाळलेली बरी. नवा माणूस आणि जड माणूस यांची जोडी कोण लावतं, कशी लावतं, हेही बघावं.

स्वसंरक्षणासाठी उपयोग आहे का, हा प्रश्न विशेषतः मुलींच्या पालकांकडून येतो. खाली पडल्यावर वजनाखालून निघून पायांवर उभं राहता येणं, एवढा उपयोग निश्चित आहे, आणि तो लहान नाही. पण समोर दोन जण असतील किंवा हातात शस्त्र असेल, तर काखेत हात घालण्याइतकं जवळ जाणंच धोक्याचं. तिथे पळणं हाच डाव. आठवड्यातून दोन दिवस शिकून महिनाभरात ही सवय अंगात येत नाही, हेही पालकांना सांगायला हवं.

सुरुवात होते ती उभ्याने. दोघं समोरासमोर, प्रत्येकाचा एक हात खाली, एक वर. मग आळीपाळीने बाहेरचा हात आत सरकवायचा. पोहताना पाणी कापावं तसा, जोर न लावता. ‘पमेलिंग’ म्हणतात याला. तालमीतल्या पोरांना ते लगेच जमतं, इतरांना आठवडाभर लागतो. नंतर तोच सराव जमिनीवर, हाफ गार्डमधून. खालच्याने फक्त अंडरहूक मिळवायचा, वरच्याने तो मिळू द्यायचा नाही. मिळाला की थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. तीन मिनिटांची फेरी, मग जागा बदलायच्या. बऱ्याच वर्गांत पहिल्या फेरीला खाली झोपवतात ते वजनाने हलक्यालाच.